डोंगर हलवायचा राहिला

तीन नंबरच्या खांबापाशी पोचले तेव्हा एक जण त्या खांबाला पायांचा विळखा घालून वर बसला होता आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळा घालून त्याच्याशी भांडत होता.

"अरं किती येळा पुसू तुला? नाक गळतंय का तुजं?"

भाद्रपद सरत आला होता. पावसाला आता पाऊस म्हणवत नव्हतं... धुकंच मधूनमधून कंटाळून चार थेंब सोडायचं. माझी छत्री वलवणच्या चढावर उलटी झाली होती आणि चपलांना इतका चिखल लागला होता की माझी उंची वाढल्यासारखी वाटत होती.

"नाक नाही, वाफ धरलीये आतून," मी खालून म्हटलं. "बाहेरून पुसून काय होणार?"

तो दचकला, निम्म्या खांबावरून घसरला आणि माझ्यासमोर उभा राहिला. सावळा, शिडशिडीत, भुवयांवर थेंब.

"तुमी कोन?"

"तुम्ही ज्याला पुसता ना, त्याच्या पलीकडच्या बाजूला मी बसते. हात दाखवा बरं. उजवा."

काय वाटलं कोण जाणे, त्याने हात पुढे केला. अंगठ्याखाली कोयत्याची जुनी, तिरकी खूण होती.

"तुम्हीच ते," मी म्हटलं.

"हात बगून माणूस वळखता? जोतिषी हाय का तुमी?"

"भविष्य नाही सांगत. मागचं सांगते. गेल्या सोमवारी फडकं विसरला होता. शर्टाने पुसलंत. वरून दुसरं बटण तुटलेलं आहे."

त्याने झटकन शर्टावर हात ठेवला. आणि हसला... त्या हसण्याने माझी पुढची सगळी हुशारी थोडा वेळ थांबून राहिली.

हे सगळं काय ते सांगते. लोणावळ्यात आमची एक छोटी संस्था आहे. मावळातल्या सहा डोंगरउतारांवर आम्ही सहा कॅमेरे लावलेत. पांढऱ्या डब्यात बसलेला तो कॅमेरा दिवसा दर अर्ध्या तासाने समोरच्या झाडांचं एक चित्र घेतो आणि लगेच ऑफिसात पाठवतो. मी त्या चित्रांत झाडांच्या शेंड्यांभोवती चौकट आखते. चौकटीत हिरवं किती, ते संगणक मोजतो. वर्षभराची मिळून एक रेघ होते. पालवी फुटली की ती चढते, पानगळ लागली की उतरते. ऊन वाढतंय, पाऊस पुढे-मागे सरकतोय, तर झाडं काय करताहेत, ते त्या रेघेवरून कळतं. नियम दोनच. एक, कॅमेरा रेसभरही हलता कामा नये. दोन, चित्रात माणूस, गाय किंवा माकड आलं तर ते चित्र टाकून द्यायचं.

काच पुसायला आम्ही तिथलाच एक जण पगारावर ठेवला होता; दर सोमवारी तीन नंबरच्या एका चित्रात बहुधा त्याचा नुसता तळहात असायचा. मी तो टाकून द्यायचे. टाकण्याआधी बघायचे, एवढंच.

माणसं जोखायची मला वाईट खोड आहे. घोरावाडीला आमचा ओटा स्टेशनाकडे तोंड करून आहे. लहानपणापासून गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर मी मनात काही जमा, काही खर्ची टाकत आले. खांबावरच्या त्या मुलाच्या, उमेशच्या, नावावर त्या दिवशी जमा पडलं ते हसणं. खर्ची... बटण.

"भिजताय," तो म्हणाला. "घरी चला. आय च्या टाकील."

जांभूळमाळ म्हणजे दहा-बारा घरांची वाडी, वाघजाई देवीच्या राईला टेकलेली. उमेशची आई सावित्राबाई चुलीपाशी होती. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. या बाबतीत ती माझ्याहून तयार होती, हे मी लगेच ओळखलं.

"शेरातली का?"

"घोरावाडीची."

"मंग शेतकऱ्याची. बस. गूळ जास्त टाकते, डोंगर चढून आलीस."

बारकू, म्हणजे उमेशचे वडील, दारात बसून पावसाकडे बघत होते. बोलायचे कमी. कोऱ्या चहाचा पहिला घोट गेल्यावर वरच्या झाडांकडे बोट करून म्हणाले, "ते दोन ऐन माजं हायती. तुमच्या डब्याला दिलं."

'दिलं' म्हणजे काय, ते उमेशने सांगितलं. इथे भाताचं रोप टाकायच्या जागेवर ऐनाच्या वाळल्या फांद्या पसरून पेटवतात. जमीन भाजते, तण मरतं, राख खत होते. हा राब. त्यासाठी प्रत्येक घराचे ऐन ठरलेले. पौषात फांद्या उतरवायच्या, वैशाखात जाळायच्या. आमच्या अनिता मॅडम कॅमेरा लावायला आल्या तेव्हा म्हणाल्या, चौकटीतल्या झाडांना पाच वर्षं कोयता लावू नका. वाडी राईत जमली. वाडीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या हौशीरामबाबांनी देवीला दोन कळ्या लावल्या. उजवी पडली. उजवा कौल, म्हणजे देवीचा होकार. चौकटीतले दोन्ही ऐन बारकूंचेच होते, आणि सगळ्यांच्या आधी 'व्हय' म्हणाले तेही बारकूच.

"मला खाली उतारावर दुसरं ऐन हायती," ते म्हणाले. "बारकूनं कवा कुनाचं पान मागितलं न्हाई."

ते मी जमेला टाकलं. तेव्हा मला ते जमेचंच वाटलं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी चित्र उघडलं आणि माझा हात माऊसवरच राहिला. तळहातावर आपट्याचं पान होतं. काचेसमोर नीट धरलेलं, शिरा मोजाव्यात इतकं स्पष्ट.

मी फोन लावला.

"हे काय आहे?"

"सोनं. दसऱ्याचं. द्यायचं ऱ्हायलं हुतं."

"कॅमेऱ्याला?"

"कॅमेऱ्याला कशाला? तेच्या पल्याडच्या बाजूला बसतात त्यांना."

"ते चित्र मला टाकून द्यावं लागणार. नियम आहे."

"टाका की. सोनं दिल्यावं देनाऱ्याचं काम झालं. घेनाऱ्यानं कुटं ठिवायचं, ते त्यानं बगावं."

मी चित्र टाकून दिलं. नियम म्हणजे नियम. पण दिवसभर संगणकाला माझी एकेक गोष्ट दोनदा सांगावी लागली.

मग दर सोमवारी काही ना काही यायचं. कुर्डूचा तुरा. कुणा पाखराचं निळं पीस. कातरलेल्या कडेचं एक पान, त्यावर नखाने मारलेली फुली... मी फोन करून विचारायचे, ते कशाचं? तो नाव सांगायचा आणि वर म्हणायचा, "मोठ्या म्याडमला सांगू नका हां. आन बारक्या म्याडम जेवल्या का?"

"बारक्या मॅडम कोण?"

"हायती एक. हात बगून माणूस वळखनाऱ्या."

मी वर जायला लागले. कधी बॅटरी बघायला, कधी डब्यात मुंग्या शिरल्यात का ते बघायला. मुंग्या एकदाच शिरल्या होत्या. मी चारदा गेले. तो सकाळी लोणावळ्यात बंगल्यांच्या बागा सांभाळायचा, दुपारी वर यायचा. आम्ही खांबाखाली दगडावर बसायचो, मध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा सोडून. समोर दोन ऐन, त्यांच्या मागे डोंगराची कड, खाली दरीत धुक्याची वाटी. तो फार बोलायचा आणि मध्येच गप्प व्हायचा. गप्प झाला की ती सोडलेली जागा मोठी वाटायची.

"तुमाला कटाळा न्हाई येत? रोज त्याच झाडाकडं बगून?"

"रोज तेच नसतं ना. परवा डावीकडच्याची तीन पानं पिवळी झाली."

"तीन पानं कळली तुमाला?"

"मला बारीकसारीक फार कळतं."

"मंग... मोठं बी कळत आसंल," असं म्हणून तो उठला आणि उगाचच खांब हलतोय का ते बघायला लागला.

पौष लागला. संक्रांत झाली. सोमवारचा तळहात आला, आणि तो रिकामा होता.

मला राग आला. कबूल करते, बारीकसा. मंगळवारी चित्रं नेहमीसारखी आली. दोन ऐन, दोन चौकटी, हिरव्याचा आकडा किंचित वर. किंचित वर... या दिवसांत? पण आकड्यापेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं, आणि ते काय ते सापडत नव्हतं. जेवणाचा डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

मागच्या डोंगराच्या कडेला एक खाच आहे, दात पडल्यासारखी. ती कायम डावीकडच्या ऐनाच्या खांद्यावर दिसायची. आज ती दोन्ही झाडं ओलांडून चित्राच्या उजव्या काठाला गेली होती. झाडं जागच्या जागी. डोंगर सरकला होता.

आमच्या मावळात पुष्कळ काय काय सरकतं. बांध सरकतात, कुंपणं सरकतात, दिलेले शब्दही कधीकधी सरकतात. डोंगर तेवढा सरकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. मॅडमना 'मुंग्या' असं सांगितलं, आणि या वेळी ते खोटं मला खोटं वाटलं.

खांबाच्या उजव्या अंगाला, कॅमेऱ्याच्या आता नजरेआड, बारकूंच्या दोन ऐनांतला एक उभा होता. सगळ्या फांद्या उतरवलेल्या, फक्त शेंड्याला एक झुपका. खाली पाचोळा आणि ताजी ढलपी. उमेश तिथेच होता. मला बघून तो हसला नाही, तेव्हा उरलंसुरलं सगळं कळलं.

"झाडं बेमालूम हलवलीत," मी म्हटलं. "ऐनाच्या जागी ऐन आणून ठेवलात. डोंगर हलवायचा राहिला."

त्याने मागे वळून डोंगराकडे पाहिलं. बराच वेळ. मग खाली बसला.

"डोंगर ध्यानातच आला न्हाई," तो म्हणाला. "रोजचा हाय ना... दिसंनासाच झालाय."

मी सोडलेल्या जागेसकट त्याच्या शेजारी बसले. तो जमिनीकडे बघत बोलत राहिला. खालचा उतार मूळ मालकाने विकला. घेणाऱ्याने दिवाळीत तारेचं कुंपण घातलं, बंगला बांधायचाय म्हणे. बारकूंचे बाकीचे सगळे ऐन कुंपणाच्या आत गेले. राबाला काही उरलं नाही. राब नाही तर रोप नाही.

"मी बागंत गेलतो. रातीचा आलो तर बा झाडाखाली बसल्याला, कोयता मांडीवं. डब्याला दिसू नये म्हनून अंधारातच फांद्या उतरवल्या हुत्या. बोलंना. जेवंना. देवीफुडं सबुद दिल्याला मानूस... मला म्हनला, उम्या, वाडीला तोंड कसं दावू? मंग मी उजाडायच्या आत खांबावं चढलो, डबा फिरवला. म्हनलं, डब्याला दिसलं न्हाई तर तुमच्याकडनं कुनी इचारायला येनार न्हाई. कुनी इचारलं न्हाई तर वाडीला कळनार न्हाई."

"वाडीला दिसत नाही होय हे झाड?"

"दिसतं. पन ते मागलं अंग हाय, राईची वाट पल्याडनं जाती... आन दिसलं तरी कुनी बोलनार न्हाई. आपसात न्हाई बोलत आमी. कुनी भायरचं इचाराय आलं की मंग बोलावं लागतं."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई लिवलं तर?"

 खोटं कशाला सांगू, मी तोलून पाहिलं. एका पारड्यात एक आकडा, जो खरा की खोटा ते जगात मला सोडून कुणालाच कळणार नव्हतं. दुसऱ्यात हा दगड, हे धुकं, सोमवारचे फोन आणि हा माणूस. लिहिलं तर तीन नंबरची रेघ मोडणार. मोडलेल्या रेघेचा कॅमेरा मॅडम ठेवत नाहीत. तो दुसऱ्या डोंगरावर जाणार. त्याचं काम जाणार. मला इथे यायला कारण उरणार नाही, आणि त्याला माझं तोंड बघायची इच्छा.

"लिहिलं नाही," मी म्हटलं, "तर दर सोमवारी तुमचा हात आला की मला वाटेल, हा काहीतरी दाखवतोय... की झाकतोय?"



"मंग लिवा," तो म्हणाला. उठला, आणि राईच्या वाटेने निघून गेला. मागे वळला नाही.

त्या दुपारी मी सगळं लिहिलं. कोयता, कुंपण, खांब. मॅडमसमोर ठेवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. अनिता मॅडम रागावत नाहीत, गप्प होतात. रागावलेलं परवडतं.

"डोंगराची खाच मला दिसली नसती, कोमल," त्या शेवटी म्हणाल्या. "तू सांगितलं नसतंस तर कळलंही नसतं."

"म्हणूनच सांगितलं."

"कॅमेरा काढावा लागेल. माहितीये ना?"

"माहितीये."

"आणि तो मुलगा?"

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "त्याचं काय?" मॅडमनी चष्मा घातला आणि ते पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या नावावर ते मी कायमचं जमा टाकलं.

पुढच्या सोमवारी फक्त फडकं आलं. काच स्वच्छ झाली. हात दिसलाच नाही... काठीला बांधून पुसलं असणार.

वाडीने दिलं होतं, तर वाडीला सांगूनच काढायचं, असं मॅडम म्हणाल्या. आम्ही वर गेलो तेव्हा सगळी घरं राईच्या तोंडाशी जमली होती. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मॅडमनी सांगितलं, कॅमेरा हलला, म्हणून यंदाचं काम वाया गेलं, म्हणून तो न्यायचा. कुणाचं नाव घेतलं नाही.

"हलला कसा?" हौशीरामबाबांनी विचारलं. "माकडं?"

"मी हलवला," उमेश पुढे आला.

"तू? का रं?"

त्याने तोंड उघडलं. माझ्या लक्षात आलं, तो आता दुसरं काहीतरी कारण सांगणार, सगळं स्वतःच्या अंगावर घेणारं. तेवढ्यात मागून बारकूंचा आवाज आला. मोठा नव्हता.

"कोयता माजा हुता."

 सावित्राबाईने पदर तोंडाला लावला. बारकू पुढे येऊन देवीच्या बाजूला तोंड करून उभे राहिले, वाडीकडे पाठ करून.

"सबुद मी दिला, मोडला बी मीच. खालची झाडं तारंआड गेली. मला राबाला न्हवतं. पोरानं माजी लाज झाकली. बाकी कुनाचा दोष न्हाई."

झाडांतून थेंब गळत होते, दवाचे. मला वाटलं, आता दंड सांगतील, नाहीतर वाळीत टाकतील, काहीतरी कठोर होईल. हौशीरामबाबा काठी टेकत बारकूंच्या समोर गेले.

"बारकू," ते म्हणाले, "आमाला इचारलं आसतंस तर? बारा घरं हायती. एकेकानं एकेक फांदी दिली नसती का रं तुला?"

बारकूंनी मान खाली घातली. कवा कुनाचं पान न मागितलेला तो माणूस तिथे, सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा रडला. मला बघवेना. बघण्याची एवढी सवय असून बघवेना.

चार दिवसांनी कॅमेरा उमेशनेच उतरवला. मी शिडी धरली. वरून एकेक स्क्रू खाली द्यायचा आणि मी ओंजळीत घ्यायचे. त्याची बोटं गार होती.

"रागावलात?" मी विचारलं.

"व्हय."

"अजून आहे?"

"हाय." एक स्क्रू. "तुमच्यावं न्हाई आता. बानं राईत तोंड उघडलं, तवाधरनं रातीचा झोपतोय. पौषापास्नं झोपला न्हवता." आणखी एक स्क्रू. "माज्यावं हाय. तुमाला म्हनालो, लिवू नका. आसं म्हनाय नगं हुतं तुमाला."

"म्हणालात, म्हणून बरं झालं. नाहीतर मला कळलं नसतं."

"काय?"

"की मला किती जड जाणार आहे."

तो वर थांबला. डबा त्याच्या छातीशी होता, वायरी लोंबत होत्या. काहीतरी म्हणणार होता... मॅडमनी खालून हाक मारली, गाडी वळवायचीये, लवकर करा. आम्ही लवकर केलं. निघताना नमस्कार केला तोसुद्धा नीट नाही. त्याचे हात भरलेले होते, माझेही.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. तीन नंबर आता बेगडेवाडीच्या मागच्या टेकडीवर होता. तिथली काच एक म्हातारे गृहस्थ पुसायचे, चेहऱ्यासकट चित्रात यायचे. माझ्याकडे फोन होता, त्याच्याकडेही. कुणी केला नाही. काय म्हणून करायचा? जेवलात का, एवढ्यासाठी? एवढ्यासाठीच तर करायचा असतो... पण धीर नव्हता.

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी लवकर उठले, आप्पांना, माझ्या वडिलांना, कुठे जातेय ते सांगितलं आणि गेले.

वारा सुटायच्या आत राब पेटवायचा म्हणून सगळं घर खाचरात होतं. वाळल्या फांद्यांचा थर एका कडेने धुमसत होता. त्यातली निम्मी पानं बारकूंच्या ऐनाची, बाकी कुणाकुणाची. बारा घरांनी दिलेली. धुरातून उमेश वर आला. तोंड, हात, मान, सगळं राखेने माखलेलं.

"म्याडम?" तो थबकला. "आता तर डबा बी न्हाई हितं. काय बगाय आला?"

"पगार होता तोवर झाडं बघितली. आज सुट्टी आहे."

"मंग?"

"मग... सुट्टीत माणूस आपल्या आवडीचं बघतो."

त्याने मनगटाने कपाळ पुसलं. काळं आणखी पसरलं.

"माजं त्वांड बगन्यासारखं न्हाई आत्ता."

"बघितलं. खर्ची टाकलं. पुढे बोला."

 धूर आमच्या मधून गेला, पुन्हा विरला. मग एकदम, डोंगरावरून उडी टाकावी तसं म्हणाला, "आमची दोन खाचरं, गळकं घर, आन लोकाच्या बागंत काम. येवढंच हाय. आधीच सांगतो. लपवून एकदा बगितलंय."

"एवढंच?"

"आन... तुमी. म्हंजी तुमी व्हय म्हनला तर. न्हाई म्हनला तर येवढंच."

माझे डोळे चुरचुरत होते. धुराचं निमित्त होतं, ते मी मनापासून वापरलं.

"मी घरी सांगितलंय," मी म्हटलं.

"काय?" तो घाबरला.

"तुमचं नाव, तुमची वाडी. सगळं. आप्पा म्हणाले, डोंगरावर? तिथं धड वाट नाही. मी म्हटलं, मी चालून बघितलीये. मग बरेच दिवस बोलले नाहीत. आईशी नाही, माझ्याशी नाही."

"आन?"

"आज निघताना मी चप्पल घालत होते. आप्पांनी मागून विचारलं, पोरगा भात कुठला लावतो?"

उमेश माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या काळ्या तोंडात दात हळूहळू दिसायला लागले.

"आंबेमोहर," तो म्हणाला. "सांगा त्यास्नी. इंद्रायनी बी थोडा. पन घरी खायाला आंबेमोहर."

"तुम्हीच येऊन सांगा. ते माझं ऐकत नाहीत. पण व्हय म्हणायला मला त्यांना विचारावं लागत नाही."

"म्हंजी..."

"म्हणजे व्हय."

खालून बारकू आमच्याकडे बघत होते. मी हात जोडले. त्यांनी मान हलवली. फार नाही, एकदाच, जमिनीकडे. "लिवलंस ते बरं केलंस, पोरी," एवढं त्या धुरातून आलं, आणि ते वळून काटक्या सारायला लागले.

सावित्राबाई मात्र तरातरा बांधावर आली. तिने उमेशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एका नजरेत सगळी बेरीज केली. तिला काही सांगावं लागलं नाही. बांधावरच्या करंजाची एक हिरवी डहाळी मोडून तिने माझ्या हातात दिली.

"तू हितं उबी ऱ्हा. धग बांध वलांडून गवतात गेली न्हाई पायजे. आली की हाणायची."

"किती वेळ मावशी?"

"वाऱ्याला ठावं." ती दोन पावलं गेली, थांबली. "आन आता आलीसच तर रोप वर येईस्तवर ऱ्हा की. घाई कसली हाय?"

तेवढ्यात वारा फिरला. जाळाची एक जीभ कडेकडेने माझ्या बाजूला आली आणि मी डहाळी आपटत तिला मागे सारायला लागले. खाचराच्या दुसऱ्या टोकाला उमेशही तेच करत होता, आणि मधूनमधून धुरातून माझ्या नावाने ओरडत होता, "कोमल, पाय सांबाळ!"